झाड लावायचे तर आधी सातबारा
गायरान, गाय आणि भूमिहीनांचा सत्तर वर्षांचा लढा

शहरातल्या दुकानांत हल्ली काचेच्या बाटलीतले दूध मिळते. बाटलीवर चित्र असते. हिरवे कुरण, कुरणात डेरेदार झाड, झाडाखाली रवंथ करत बसलेली देशी गाय. खाली लिहिलेले असते: सेंद्रिय, नैसर्गिक, मोकळ्या चराईचे. दर अर्थातच चढा. त्याच वेळी खेड्यात ग्रामसभेपुढे ठराव येतो, 'गायरान वाचवा, गुरांना चरायला जागा उरली नाही.' आणि ठरावापाठोपाठ तहसीलची नोटीस येते ती बौद्धवाड्यातल्या, मातंगवस्तीतल्या आणि पारध्यांच्या पालावरच्या कुटुंबांना.

बाटलीवरचे चित्र आणि हातातली नोटीस यांचा संबंध काय, हे आपल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे. कारण या नोटिशीच्या बाजूने आता पर्यावरणाची भाषा बोलली जाते. 'दलितांनी गायराने नांगरली, झाडे गेली, चारा गेला' हे वाक्य शिकलेली माणसेही बिनदिक्कत बोलतात. आपला कार्यकर्ता यावर एक तर गप्प बसतो, नाहीतर 'आम्हाला झाडे नको, जमीन हवी' असे म्हणून मोकळा होतो. मला दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. सावलीचे कुरण ही चांगली गोष्ट आहे. पण ते का उरले नाही आणि पुन्हा कसे उभे राहील, याचे उत्तर जमिनीच्या मालकीच्या इतिहासात आहे.

चित्रात खरे काय आहे

आधी विज्ञान. दुधाळ गाय उन्हात उभी राहिली की तिची शक्ती अंग थंड ठेवण्यात खर्च होते. ती चारा कमी खाते, दूध घटते, माजाचे चक्र बिघडते. तापमान आणि हवेतला ओलावा यांचा मिळून एक निर्देशांक काढतात. तो साधारण ७२ च्या वर गेला की होल्स्टीन जातीच्या गायीवर ताण येऊ लागतो. मराठवाड्यात तर वर्षातले कितीतरी महिने दिवसा हीच स्थिती असते. आपल्याकडच्या देवणी आणि लाल कंधारी या जाती ऊन जास्त सोसतात, पण सावली त्यांनाही लागतेच.

झाड नुसती सावलीच देते असे नाही. बाभळीच्या शेंगा शेळ्या आणि गुरे आवडीने खातात. शेवरी, हादगा, सुबाभूळ यांच्या पाल्यात भरपूर प्रथिने असतात. ही झाडे शेंगवर्गीय असल्याने त्यांच्या मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळते. पानगळ आणि शेण यांनी माती भुसभुशीत होते, पाणी मुरते, गवत उन्हाळ्यात थोडे जास्त तग धरते. रासायनिक खताशिवाय कुरण टिकवायचे असेल तर झाड, गवत आणि जनावर हे तिन्ही एकत्र लागतात. कोलंबियात काउका नदीच्या खोऱ्यात एल हातिको नावाचे शेत आहे. तिथे सुबाभळीच्या दाट ओळी, मधे गवत आणि वर मोठी झाडे अशी रचना करून दुभती जनावरे पाळीपाळीने चारतात. उष्ण कटिबंधातल्या दूधधंद्यासाठी जगभर या पद्धतीचा दाखला दिला जातो. सुबाभळीत मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते म्हणून तिचे प्रमाण सांभाळावे लागते, पण ही अडचण सोडवता येण्यासारखी आहे.

यातले बरेचसे आपल्या गुराख्यांना कोणी शिकवलेले नव्हते. सकाळी गुरे सोडायची, ऊन चढले की बाभळी-लिंबाखाली बसवायची, उन्हे कलली की पुन्हा चरायला न्यायची, हा त्यांचा रोजचा क्रम होता. आता प्रश्न विचारू या. हा गुराखी कोण होता? बहुतेक गावांत तो भूमिहीनाचे पोर होता. वर्षाच्या बोलीवर, पोटाला भाकरी आणि अंगाला जुने कपडे एवढ्यावर दुसऱ्याची गुरे राखणारा. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते, तसे गायीच्या मालकीतही नव्हते आणि कुरणाच्या मालकीतही नव्हते.

गायरान 'सर्वांचे' होते का?

'पूर्वी गायरान सगळ्या गावाचे असायचे' असे सांगतात. सगळे गाव म्हणजे कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या या गोडव्याचा पार समाचार घेतला होता, तो याचसाठी. ज्याच्या दावणीला जनावर, त्यालाच गायरानाचा उपयोग. जनावर कोणाच्या दावणीला? ज्याच्याकडे जमीन, कडबा आणि गोठा, त्याच्या. वतनदार, पाटील, कुलकर्णी, बडे शेतकरी यांची गुरे गायरानात चरत होती. महाराच्या वाट्याला गावची वेठ होती: सीमेची राखण, सरकारी निरोप, पाटलाच्या मागे धावणे आणि गावात जनावर मेले की ते ओढून नेणे.

हा व्यवहार नीट बघा. गाय जिवंत असेपर्यंत तिचे दूध, शेण, वासरू, सगळे मालकाचे. ती मेली की महाराची. अस्पृश्याने स्वतः गाय पाळली तरी त्याच्या हातचे दूध गावात कोण घेणार? दूध विटाळते, मेलेले ढोर ओढणारा हात मात्र गावाला रोज लागतो. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळ शोधताना मेलेल्या गायीच्या मांसाचा प्रश्न मध्यभागी आणला. गायीभोवतीचे पावित्र्य आणि माणसाभोवतीचा विटाळ एकाच इतिहासाचे भाग आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपण गेलो, तेव्हा त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता. मज्जाव माणसांना होता. त्याच महाड परिषदेपासून मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याची हाक गावोगाव गेली. गावांनी त्याला बहिष्काराने उत्तर दिले. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात सामाजिक बहिष्कार हे सवर्णांच्या हातातले किती प्रभावी हत्यार आहे याचे वर्णन आहे. वाट बंद, दुकान बंद, कामाला लावणे बंद. बांधावरचे गवत बंद आणि तुझी शेळी आमच्या हद्दीत दिसली तर कोंडवाड्यात, हे आजही बहिष्काराच्या प्रत्येक हकिगतीत ऐकू येते. ज्याला स्वतःची जमीन नाही, त्याची शेळीसुद्धा दुसऱ्याच्या मर्जीवर जगते.

तेव्हा 'गावाचे सामूहिक कुरण' ही कल्पना आपल्यापुरती तरी कधीच खरी नव्हती. तिची आठवण काढून गळा काढण्याचे आपल्याला कारण नाही.

गायराने कोणी खाल्ली?

गायरान कमी झाले हे मात्र खरे आहे. ते कधीपासून कमी होऊ लागले? मुंबई इलाख्यात १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीने जमिनीची मोजणी होऊन रयतवारीची बसकण झाली. प्रत्येक तुकड्याला क्रमांक आला आणि सारा ठरला. जी जमीन कोणाच्या खात्यावर नव्हती ती सरकारची झाली. १८७८ च्या वन कायद्याने डोंगर, माळ आणि कुरणांचे मोठे पट्टे जंगल खात्याकडे गेले. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा त्याआधीच आला होता. जनावर हद्दीत शिरले की कोंडवाडा आणि दंड.

हे सगळे तात्यासाहेब फुल्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत. पूर्वी ज्यांच्याकडे चार गायी, दोन शेरडे होती ती गरीब कुटुंबे चराई बंद झाल्याने कशी देशोधडीला लागली ते त्यांनी लिहिले आणि जंगलात ओढून घेतलेली गायराने गावांना परत करा अशी मागणी केली. कुरणाच्या प्रश्नावर गरिबाच्या बाजूने इतके ठामपणे त्यांच्या काळात फारच थोडे लोक बोलले. पर्यावरणाचे धडे आपल्याला देणाऱ्यांनी आधी हे पुस्तक वाचावे.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमिनी राखून ठेवण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्याला दिला. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे, १९६६, कलम २२ तेच सांगते. म्हणजे ज्याला आपण 'गावाचे गायरान' म्हणतो ती कायद्याने सरकारी जमीन आहे, गावाला तिचा फक्त वापर दिलेला आहे. देणारा सरकार असल्याने काढून घेणाराही तोच. स्वातंत्र्यानंतर गायरानातून काय काय गेले ते आपल्या गावात मोजा. वसाहती, कारखाने, संस्थांच्या शाळा-महाविद्यालये, खाणी, धरणग्रस्तांचे पुनर्वसन, आणि गायरानाला लागून शेत असलेल्या बड्या शेतकऱ्याने दर वर्षी दोन-दोन तास पुढे सरकवलेला बांध. शेवटच्या प्रकाराला कोणी अतिक्रमण म्हणत नाही, कारण नोटीस काढणारा आणि बांध सरकवणारा बऱ्याचदा एकाच पंगतीचे असतात.

मग आपण नांगर का धरला?

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता गावकऱ्यांच्या गटांना सामूहिक शेतीसाठी द्यावी असे मांडले. त्याच मसुद्यात त्यांनी आणखी एक मागणी केली. सरकारच्या ताब्यातली लागवडीलायक पडीक जमीन एका वसाहत आयोगाकडे सोपवावी आणि तिथे अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वस्त्या उभाराव्यात. यामागे साधे निरीक्षण होते. जोवर अस्पृश्य हा सवर्णांच्या शेतावर पोट भरतो, तोवर त्याचा कोणताही हक्क कागदावरच राहणार. संविधानात ही मागणी आली नाही. रस्त्यावर मात्र आली.

१९५३ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने मराठवाड्यात पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह केला. मराठवाडा तेव्हा नुकताच निजामाच्या राजवटीतून बाहेर आला होता. १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी खेड्यातल्या भूमिहीनांविषयीची खंत बोलून दाखवली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी ती खंत रिपब्लिकन पक्षाचा कार्यक्रम केली. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी सत्याग्रह हे त्याचे टप्पे. दुसऱ्या सत्याग्रहाआधी १ ऑक्टोबर १९६४ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली होती. पडीक जमीन भूमिहीनांना द्या ही तिच्यातली मुख्य मागणी. बायका कडेवर पोरे घेऊन तुरुंगात गेल्या. देशभरात लाखोंच्या संख्येने लोकांनी अटक करून घेतली.

या रेट्यामुळे महाराष्ट्र शासनाला निर्णय घ्यावे लागले. १९७८ च्या निर्णयाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. शेवटची तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या प्रारंभाची आहे. निर्णय झाला, अंमलबजावणी रेंगाळली. पुढे मराठवाड्यात अॅड. एकनाथ आवाड यांच्या जमीन अधिकार आंदोलनासारख्या संघटनांना एकेक नोंद लावून घेण्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. अनेकांचे काम अजून झालेले नाही.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जमीन नियमित करायची तर पुरावा काय लागतो? कटऑफ तारखेआधीपासून तुम्ही जमीन कसत होता याचा. तो पुरावा म्हणजे तलाठ्याकडच्या गाव नमुना १-ई मधली, म्हणजे अतिक्रमण नोंदवहीतली नोंद, पीक पाहणी, दंडाच्या पावत्या आणि पंचनामे. यात काय लिहिले जाते? किती क्षेत्र नांगरले, कोणते पीक घेतले. बाजरी, ज्वारी, तूर, कापूस. गवत राखले, बाभळी वाढवल्या, शेळ्या चारल्या, असे लिहिले तर काय होईल? तो ताबा धरला जाणार नाही. जमीन 'पडीक' दिसेल आणि पडीक दिसली की ती पुन्हा गायरान. म्हणजे जो भूमिहीन कुरण राखेल त्याचा हक्क बुडतो आणि जो ते नांगरून काढेल त्याचा टिकतो. हा नियम आपण केलेला नाही, शासनाने केला.

मराठवाड्यातल्या एका गावात गायरान कसणाऱ्या एका मावशींना मी विचारले होते, "मावशी, या बरड्यात बाजरीला काय येतं? निम्म्यात गवत ठेवून दोन म्हशी का नाही बांधत?" त्या म्हणाल्या, "बाळा, गवताचा पंचनामा व्हत नाही." मी समाजशास्त्रात एम.ए. केले, पण जमिनीच्या कायद्याचा हा अर्थ मला त्या बाईने शिकवला. त्यांच्या तुकड्यात चार बोटांवर मुरूम लागतो. तिथे गवत आणि झाड हेच शहाणपणाचे पीक आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते. तरी गेली तीस वर्षे त्या मुरमात बाजरी पेरतात, कारण बाजरीच्या पेऱ्यावर त्यांच्या मुलांचा हक्क टिकून आहे.

दुसरी गोष्ट झाडांची. आपल्या लोकांना झाडे नको असतात असे म्हणतात. सामाजिक वनीकरणाच्या काळात गायरानात रोपांचे खड्डे नेमके आमच्या कसलेल्या तुकड्यांत खोदले गेले, ही तक्रार मराठवाड्यातल्या जमीन चळवळीत जुनी आहे. गावातल्या वजनदारांना दलिताचे पीक मोडायचे असेल तर गुरे सोडण्यापेक्षा वृक्षारोपण बरे, त्यावर गुन्हाही दाखल होत नाही. शिवाय सरकारी जमिनीवर तुम्ही पोटच्या पोरासारखे झाड वाढवले तरी ते सरकारचेच. ज्याच्या अनुभवात झाड हे हुसकावून लावण्याचे साधन आहे, त्याने कोणत्या भरवशावर रोप लावायचे? शेवरी वर्षात पाला देते, पण गाय बसेल एवढी सावली द्यायला लिंबाला, बाभळीला कितीतरी वर्षे लागतात. तहसीलची नोटीस काही दिवसांची मुदत देते.

न्यायालय, गोमाता आणि सौरऊर्जा

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामूहिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. महाराष्ट्राने १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली आणि राज्यात दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याचे आकडे पुढे आले. नोटिशींचा पाऊस पडला.

पण जगपालसिंग निकाल आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून वाचला पाहिजे. त्या खटल्यातले अतिक्रमणकर्ते भूमिहीन नव्हते, गावच्या तळ्यात भराव टाकून घरे बांधणारे होते. आणि त्याच निकालात न्यायालयाने अपवाद सांगितला आहे: भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने पट्टे दिले असतील, किंवा जागेवर शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय असेल, तर नियमितीकरण होऊ शकते. म्हणजे धनदांडग्यांविरुद्धचा हा निकाल गावात येईपर्यंत भूमिहीनांविरुद्धचा झाला. नोटिशीला उत्तर देताना हा अपवाद आणि १९७८, १९९१ चे शासन निर्णय सोबत जोडल्याशिवाय एकही अर्ज जाता कामा नये.

दुसरीकडे गायीचे राजकारण बघा. मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. दुधाचा धंदा करणाऱ्याला भाकड गाय आणि कामाला न येणारा गोऱ्हा विकून पुढचे जनावर घ्यावे लागते. ती वाट बंद झाल्यावर सर्वांत आधी मोडला तो एक-दोन जनावरांचा गरीब मालक. ३० सप्टेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांना दर गायीमागे रोज ५० रुपये द्यायचे ठरवले. गायीसाठी रोजचे अनुदान आहे. गायरान कसणाऱ्या बाईसाठी अतिक्रमणाची नोटीस आहे. आणि जे गायरान चराईसाठी इतके अमूल्य म्हणून भूमिहीनाला नाकारले जाते, त्याच गायरानातून शेतीपंपांच्या सौरऊर्जा प्रकल्पांना जमिनी दिल्या जातात. सौर पत्र्याखाली चराई होते आणि बाजरीच्या धाटाने मात्र कुरण बुडते, असा हा न्याय आहे.

गुजरातमधल्या तरुणांनी ही विसंगती आपल्या आधी पकडली. ११ जुलै २०१६ ला उना इथे मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली ढोरे सरकारी कचेऱ्यांसमोर नेऊन टाकली आणि ऑगस्टमध्ये अहमदाबादहून उनापर्यंत पदयात्रा काढली. त्यांची मागणी काय होती? प्रत्येक भूमिहीन दलित कुटुंबाला ५ एकर जमीन. १९२७ मध्ये महाडला मेलेले ढोर टाकून दिल्यावर पुढे काय, याचे उत्तर दादासाहेबांनी जमीन असे दिले होते. नव्वद वर्षांनी उनाने तेच दिले.

आपण काय मागायचे?

माझी मांडणी स्पष्ट आहे. नियमितीकरणाची लढाई कुरणाच्या विरोधातली नाही. कुरण उभे करण्याची तीच पहिली पायरी आहे. त्यासाठी तीन मागण्या चळवळीने पुढे रेटाव्यात.

पहिली, १९७८ आणि १९९१ च्या निर्णयांखालील सर्व प्रलंबित दाव्यांचा मुदतीत निकाल, आणि सातबारा पती-पत्नी दोघांच्या नावे. एकट्या बाईचा ताबा असेल तर तिच्या एकटीच्या नावे. शासनाने दिलेली जमीन भोगवटादार वर्ग २ ची असते, परवानगीशिवाय विकता येत नाही. त्यामुळे 'उद्या विकून खातील' हा आक्षेप टिकत नाही.

दुसरी, ताब्याचा पुरावा म्हणून गवत, चाऱ्याची झाडे आणि जनावरे यांची नोंद पीक पाहणीत व्हावी. बरड जमिनीत शेवरी-हादगा लावून मारवेलसारखे गवत राखणारी बाई जमीन कसतेच आहे, हे तलाठ्याच्या वहीने मान्य केले की नांगराची सक्ती संपेल. आणि त्या जमिनीवर तिने लावलेल्या झाडाचा पाला, शेंगा आणि लाकूड तिचे असावे.

तिसरी, सामूहिक हक्क. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांचा चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आणि गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) सारख्या गावांनी तो मिळवून दाखवला. महसूल खात्याच्या गायरानावर भूमिहीनांना असा हक्क देणारा कायदा नाही. भूमिहीनांच्या सहकारी संस्थांना उरलेले गायरान चारा, झाडे आणि दूध-शेळीपालनासाठी दीर्घ मुदतीने मिळाले पाहिजे. बाबासाहेबांच्या सामूहिक शेतीची ही आजची छोटी सुरुवात ठरेल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आपल्यातूनच येईल: गायीगुरांच्या नादी लागून आपण पुन्हा गोभक्तांच्या कळपात जाणार का? गाय पाळणे आणि गाय पुजणे यांत फरक आहे. दूध हा धंदा आहे. शेळी, म्हैस, गाय यांतले ज्या जमिनीत जे परवडेल ते पाळावे. ज्या दुधाला आपला हात लागला की ते बाटत होते, त्या दुधाचा मालक आपण होण्यात मागे जाण्यासारखे काय आहे? सेंद्रिय दुधाला शहरात चढा दर मिळतो, पण प्रमाणपत्राच्या फायलीत जमिनीची नोंद लागते. सातबारा नसेल तर आपली गाय झाडाखाली चरली काय आणि माळावर चरली काय, बाटलीवर नाव दुसऱ्याचेच येणार.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गायरानावर धनगर, बंजारा, भटके-विमुक्त यांचीही जनावरे चरतात. आपण कुंपण घातले तर ती कुठे जातील? अनेक गावांत सवर्णांनी हाच वाद पेटवून गरिबाला गरिबाविरुद्ध उभे केले आहे. म्हणून तिसरी मागणी पहिल्या दोनइतकीच महत्त्वाची आहे. चराईच्या वाटा, पाण्याच्या जागा आणि पावसाळ्यानंतरचे महिने बोलणी करून ठरवता येतात. दावणीला दोन शेळ्या असणाऱ्या धनगर बाईशी आपले भांडण नाही. तिच्याशी बसून बोलणारा कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात हवा.

नोटीस आलेल्या प्रत्येक कुटुंबाकडे पुढच्या रविवारी जा. १-ई चा उतारा मागा, दंडाच्या पावत्या शोधा, पत्र्याच्या पेटीत तळाशी असतील. गायरानाची मोजणी मागा आणि बड्या शेतकऱ्यांचे सरकलेले बांध त्या नकाशात बसवून ग्रामसभेत ठेवा. 'गायरान वाचवा' म्हणणाऱ्यांना सांगा, वाचवू या, सगळ्यांचे बांध मोजून वाचवू या. मावशींच्या बरड्यात मी या पावसाळ्यात शेवरीचे बी घेऊन जाणार आहे. त्यांनी अट घातली आहे की आधी अर्जाची पोच दाखवायची. त्यांचे बरोबर आहे.

जय भीम!